औषधांची उतरंड आणि विहिरीचें पाणी

पिकावर मारावयाचें औषध विकत घेतांना आमचा शेतकरी बाटलीवरील रंगीत खूण पाहतो. तिरप्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर औषध अतिजहाल, पिवळा असेल तर त्याच्या खालोखाल, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर सौम्य, ही प्रतवारी १९७१ च्या कीटकनाशक नियमांनीं ठरवून दिली आहे व ती आतां सालदारांपर्यंत सर्वांस ठाऊक झाली आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं, तेव्हांपासून तर या रंगांकडे अधिक काळजीनें पाहिलें जातें. हें योग्यच आहे. परंतु ही प्रतवारी एकाच प्रश्नाचें उत्तर देते, तो प्रश्न असा कीं, हें द्रव्य पोटांत गेल्यास किती घातक? उंदरांना तें खाऊं घालून त्यांतले निम्मे मरण्यास शरीराच्या दर किलो वजनामागें किती मिलिग्रॅम लागतें, तें मोजून पन्नासपर्यंत लाल, पांचशेंपर्यंत पिवळा, पांच हजारांपर्यंत निळा आणि त्यापुढें हिरवा असे रंग दिलेले आहेत.

विहिरीचा प्रश्न निराळा आहे. विहीर विचारते, शेतांत पडलेलें हें द्रव्य माझ्यापर्यंत पोंचेल काय, आणि पोंचेल तेव्हां त्यांतलें किती शिल्लक असेल? या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही बाटलीवर छापलेलें नसतें. जळगांव व धुळें या दोन्ही जिल्ह्यांत पिण्याचें व पिकाचें पाणी बहुतांशीं एकाच भूगर्भांतून उपसलें जातें. ज्या मळ्यांत आपण औषध टाकतों त्याच मळ्याच्या विहिरीवर घरचा हंडा भरला जातो. म्हणून या दुसऱ्या प्रश्नाची उतरंड शास्त्रज्ञ कशी रचतात, ती कोठें उपयोगी पडते व कोठें फसविते, याची माहिती वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. थोडा हिशेब करावा लागेल, परंतु जमाखर्चाची वही लिहिणाऱ्या शेतकऱ्यास तो कठीण वाटूं नये.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. जें औषध पाण्यांत सहज विरघळतें तें पाण्याबरोबर खालीं जातें आणि जें विरघळत नाहीं तें वर राहतें, असें बहुतेकांस वाटतें. ग्लायफोसेट हें तणनाशक एक लिटर पाण्यांत दहा ग्रॅमांहून अधिक विरघळतें. मका व ऊस यांत वापरलें जाणारें ॲट्राझिन एका लिटरांत जेमतेम तेहतीस मिलिग्रॅम विरघळतें. तरीही जगभर विहिरींच्या पाण्यांत जें वारंवार सांपडलें तें ॲट्राझिन होय. युरोपांतील राष्ट्रसंघानें २००४ सालीं त्याची परवानगी काढून घेतली ती भूजलांत तें मर्यादेबाहेर सांपडूं लागल्यामुळेंच. ग्लायफोसेटास मातीनें धरून ठेवलें, ॲट्राझिनास धरलें नाहीं, एवढाच फरक. पाण्याशीं द्रव्याचें किती जमतें यापेक्षां मातीशीं किती जमतें, हें महत्त्वाचें आहे.

मातीशीं असलेलें हें नातें रसायनशास्त्रज्ञ एका अंकानें मोजतात. माती व पाणी एकत्र ढवळून त्यांत औषध घातलें असतां कांहीं भाग मातीच्या कणांना चिकटतो व कांहीं पाण्यांत राहतो. चिकटणारा भाग मुख्यतः मातींतील सेंद्रिय कर्बास चिकटतो, म्हणून त्या कर्बाच्या हिशेबानें हें प्रमाण काढतात. त्यास आपण चिकटणुकीचा अंक म्हणूं. प्रचलित कोष्टकांत कार्बोफ्युरानचा हा अंक २२ आहे, ॲट्राझिनचा १००, क्लोरपायरिफॉसचा ६,०७०, ग्लायफोसेटचा २४,०००, आणि डी. डी. टी. चा वीस लाखांच्या घरांत. एकाच दुकानाच्या फळीवर शेजारीं शेजारीं उभ्या असणाऱ्या बाटल्यांत एवढें अंतर असूं शकतें!

हे अंक आपल्या जमिनीस लावून पाहूं. समजा, काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का आहे, एक घन सेंटीमीटर मातीचें वजन १.३ ग्रॅम आहे आणि ओलावा आकारमानाच्या पस्तीस टक्के आहे. क्लोरपायरिफॉसच्या ६,०७० ला अर्ध्या टक्क्यानें गुणिलें म्हणजे ३० येतात, त्यांस १.३ नें गुणून ०.३५ नें भागिलें व एक मिळविला कीं सुमारें ११४ होतात. याचा अर्थ असा कीं, जमिनींतील पाणी ११४ हात खालीं सरकेल तेव्हां क्लोरपायरिफॉस एक हात सरकेल. हाच हिशेब ॲट्राझिनचा केला तर २.९ येतो, आणि कार्बोफ्युरानचा अवघा १.४. म्हणजे कार्बोफ्युरान हें जवळजवळ पाण्याच्या पावलावर पाऊल टाकून चालतें.

आतां दुसरा गुण. द्रव्य जमिनींत पडल्यावर सूक्ष्म जंतु त्यास खातात, ऊन व पाणी त्याचे तुकडे करतात आणि तें हळूहळू नाहींसें होतें. पडलेल्या द्रव्यांतून निम्में नाहींसें होण्यास जितके दिवस लागतात त्यास अर्धआयुष्य म्हणतात. साठ दिवसांचें अर्धआयुष्य म्हणजे साठ दिवसांनीं निम्में, एकशेंवीस दिवसांनीं पाव, एकशेंऐंशी दिवसांनीं दोन आणे उरेल. ॲट्राझिनचें अर्धआयुष्य कोष्टकांत साठ दिवस दिलें आहे, कार्बोफ्युरानचें पन्नास, क्लोरपायरिफॉसचें तीस, डायमेथोएटचें सात, ॲसिफेटचें तीन. इमिडाक्लोप्रिडचें सुमारें एकशेंचौऱ्याहत्तर दिवस आहे. कपाशीच्या बियाण्यावर चढविलेल्या या औषधाचा कांहीं अंश कापूस वेचून झाल्यावरही रानांत असतो तो यामुळेंच.

किती चिकटतें आणि किती टिकतें, हे दोन गुण एकत्र करून एकच अंक काढण्याची युक्ति गस्टाफसन नांवाच्या अमेरिकन संशोधकानें १९८९ सालीं प्रसिद्ध केली. कॅलिफोर्नियांतील विहिरींत कोणतीं औषधें सांपडलीं व कोणतीं सांपडलीं नाहींत याची माहिती समोर ठेवून त्यानें सीमारेषा आंखल्या. युक्ति अशी. संख्येचा लॉगॅरिदम घ्यावयाचा, म्हणजे दहाचा १, शंभराचा २, हजाराचा ३. शाळेंत शिकणाऱ्या मुलाजवळ त्याचें कोष्टक मिळेल. चिकटणुकीच्या अंकाचा लॉगॅरिदम चारांतून वजा करावयाचा, आणि जें उरेल त्यास अर्धआयुष्याच्या लॉगॅरिदमनें गुणावयाचें. उत्तर २.८ च्या वर आलें तर तें द्रव्य झिरपणारें, १.८ च्या खालीं आलें तर न झिरपणारें, आणि मध्यें आलें तर संशयित.

ॲट्राझिनचें करून पाहूं. शंभराचा लॉगॅरिदम २, तो चारांतून गेला, उरले २. साठाचा लॉगॅरिदम १.७८. गुणाकार ३.५६. झिरपणारें. क्लोरपायरिफॉसचें, ६,०७० चा लॉगॅरिदम ३.७८, चारांतून जाऊन उरले ०.२२, तिसाचा १.४८, गुणाकार ०.३. न झिरपणारें. याच रीतीनें आमच्या भागांत पूर्वीं वा आजवर वापरांत आलेल्या कांहीं द्रव्यांची उतरंड अशी लागते:

कार्बोफ्युरान ४.५
इमिडाक्लोप्रिड ३.७
ॲट्राझिन ३.६
डायमेथोएट २.३
ॲसिफेट १.८
क्लोरपायरिफॉस ०.३
ग्लायफोसेट उणें ०.६
डी. डी. टी. उणें ७.६

आतां ही यादी बाटलीवरील रंगांच्या यादीजवळ ठेवावी. मूळ ॲट्राझिन विषारीपणांत निळ्या श्रेणीचें, क्लोरपायरिफॉस पिवळ्या श्रेणीचें. रंग पाहून घेणारा शेतकरी ॲट्राझिनास अधिक निर्धोक समजेल, आणि तें अंगावर सांडण्याच्या दृष्टीनें खरेंही आहे. विहिरीच्या दृष्टीनें मात्र क्रम उलटा लागतो. दोन्ही याद्या आपापल्या जागीं खऱ्या आहेत. चूक होते ती एका प्रश्नाच्या उत्तरास दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर समजण्यांत.

यादींतील ॲसिफेटकडेही वाचकांनीं लक्ष द्यावें. तें मातीस जवळजवळ चिकटतच नाहीं, त्याचा चिकटणुकीचा अंक अवघा दोन आहे. तरीही तें झिरपणाऱ्यांत मोडत नाहीं, कारण खालीं पोंचण्यापूर्वींच तें मोडून जातें. उलट डी. डी. टी. हें वर्षानुवर्षें टिकतें, परंतु मातीस इतकें घट्ट बिलगतें कीं खालीं उतरतच नाहीं. दोन गुणांपैकीं एकच पाहून चालत नाहीं, हें यावरून दिसेल.

येथपर्यंत सर्व सुरळीत झालें. परंतु कॅलिफोर्नियाच्या जमिनीवर आंखलेल्या रेषा तापीच्या खोऱ्यांत जशाच्या तशा लागू कराव्या काय? आमच्या मतें, करूं नयेत, निदान डोळे मिटून करूं नयेत.

पहिली गोष्ट उष्णतेची. कोष्टकांतील अर्धआयुष्यें बहुधा थंड देशांतील जमिनींत किंवा प्रयोगशाळेंत वीस अंश उष्णतेवर मोजलेलीं असतात. खानदेशांत पावसाळ्यांतील ओलसर उबदार जमिनींत जंतूंचें काम जलद चालतें. ॲट्राझिनचें अर्धआयुष्य साठाऐवजीं पंधरा दिवस धरलें तर पंधराचा लॉगॅरिदम १.१८ येतो, त्याची दुप्पट २.३५. म्हणजे झिरपणाऱ्यांतून तें संशयितांत उतरतें. उलट चैत्र-वैशाखांत कोरड्या पडलेल्या रानांत जंतु निपचित असतात, तेव्हां तेंच औषध जागच्या जागीं थांबून राहतें. आणि एकदां मुळांच्या थराखालीं उतरलें म्हणजे तेथें ना कर्ब ना जंतु, मग त्याची चाल वाढते व मोड मंदावते. अंक एक, पण ऋतु आणि खोली पालटली कीं त्याचा अर्थ पालटतो.

दुसरी गोष्ट भेगांची, आणि ती आमच्या भागांत सर्वांत महत्त्वाची आहे. वरील सर्व गणित असें गृहीत धरतें कीं पाणी मातीच्या कणाकणांतून सावकाश पाझरतें. काळी जमीन उन्हाळ्यांत कशी फाटते हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. ज्या भेगेंत हात कोंपरापर्यंत जातो त्या भेगेंत वळवाचें पाणी पाझरत नाहीं, तें सरळ ओतलें जातें. त्या पाण्याबरोबर वरच्या थरांतील माती जाते आणि मातीस चिकटलेलें औषधही जातें. एकास एकशेंचौदा हें क्लोरपायरिफॉसचें प्रमाण अशा पाण्यास लागू पडत नाहीं. भेगा मिटून जमीन फुगल्यावर तें पुन्हां लागू होतें, कारण मग काळी जमीन पाणी फार हळू सोडते. म्हणून कोरड्या फाटलेल्या रानावर पहिल्या पावसाच्या तोंडीं औषध टाकणें आणि वाफशावर टाकणें, यांत अंकांच्या यादींत न दिसणारा मोठा भेद आहे.

तिसरी गोष्ट पाण्याच्या खोलीची. राव, हॉर्न्सबी व जेसप या फ्लॉरिडांतील तिघांनीं १९८५ सालींच, गस्टाफसनच्या अगोदर, एक रीत सुचविली होती. तींत पाण्याची खोली, जमिनींत मुरणाऱ्या पाण्याचें मान, मातींतील कर्ब व ओलावा हे सर्व धरून द्रव्यांचा क्रम लावतात. तिला अधिक माहिती लागते, परंतु ती एका औषधाबरोबर एका जागेचाही विचार करते, हा तिचा मोठा गुण आहे. रावेर, यावल, चोपडें या तालुक्यांत तापीच्या गाळाचा थर खोल आहे व कूपनलिकांचें पाणी फार खालीं गेलेलें आहे. तेथें द्रव्यास वाटचाल लांब पडते, तेवढा अवधि त्यास मोडण्यास मिळतो. परंतु त्याच तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, ज्यास भूगर्भशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात, तेथें पाणी क्षणांत गडप होतें, आणि खालच्या गाळास पाणी पुरविणारा तो दरवाजाच आहे. तेथील बागाईतदारानें जें टाकलें त्याचा परिणाम खालच्या गांवास भोगावा लागण्याचा संभव असतो. धुळें जिल्ह्यांत साक्रीकडे काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ, त्याखालीं मुरूम व फुटका खडक, आणि पावसाळ्यांत विहिरीचें पाणी हाताशीं येणारें. तेथें तेंच औषध, तेवढेंच टाकलें, तरी वाट आंखूड. एकच यादी दोन्ही ठिकाणीं लावणें म्हणजे पांझरेच्या फडांतील व माळावरील जमिनीस एकच सारा आकारण्यासारखें होईल.

केळीचें उदाहरण घेऊन हा हिशेब अधिक स्पष्ट करूं. सोंडकीड व सूत्रकृमि यांच्यासाठीं कंदास दाणेदार कार्बोफ्युरान चाळीस ग्रॅम लावावें अशी शिफारस केळीच्या पुस्तिकांतून दीर्घकाळ छापली गेली. दाण्यांत मूळ द्रव्य तीन टक्के, म्हणजे झाडागणिक १.२ ग्रॅम. दीड मीटर अंतरावर लावलेल्या हेक्टरी ४,४४४ झाडांस तें ५.३ किलो होतें. मृगबागेस हें द्रव्य ज्येष्ठ-आषाढांत जमिनींत जातें आणि सबंध पावसाळा त्याच्या डोक्यावर पडतो. समजा, चार महिन्यांत पाणी दोन मीटर खालीं सरकलें. वरच्या हिशेबानें कार्बोफ्युरान १.४ मीटर सरकेल, ॲट्राझिन सरकलें असतें ०.७ मीटर, क्लोरपायरिफॉस पावणेदोन सेंटीमीटर. एकशेंवीस दिवसांत पन्नास दिवसांचें अर्धआयुष्य २.४ वेळां उलटेल व मूळच्या एकोणीस टक्के, म्हणजे हेक्टरी सुमारें एक किलो उरेल. हा कागदावरचा हिशेब आहे. झाडानें शोषलेलें यांत वजा केलेलें नाहीं आणि आमच्या उष्णतेची सूटही दिलेली नाहीं, म्हणून खरा आंकडा याहून कमी असावा. परंतु कांदेबागेस, जेथें लागण आश्विन-कार्तिकांत होऊन पुढें केवळ मोजकें पाणी द्यावयाचें असतें, हाच हिशेब फार निराळा येईल. औषध तेंच, पीक तेंच, बहार पालटला कीं धोका पालटला.

एक किलो म्हणजे विहिरीच्या भाषेंत किती? युरोपांत पिण्याच्या पाण्यांत कोणत्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅमचा दहावा भाग आहे. एक ग्रॅम द्रव्यानें एक कोटी लिटर पाणी त्या मर्यादेस पोंचतें. वीस फूट व्यासाच्या व तीस फूट पाणी असलेल्या विहिरींत सुमारें २.७ लक्ष लिटर पाणी मावतें. म्हणजे एक ग्रॅमानें अशा सदतीस विहिरी काठोकाठ मर्यादेवर येतात. भारतीय मानक संस्थेनें पिण्याच्या पाण्यासाठीं २०१२ सालीं जें मानक काढलें त्यांत प्रत्येक औषधास निराळी मर्यादा दिली. ॲट्राझिनास लिटरला दोन मायक्रोग्रॅम, मोनोक्रोटोफॉसास एक, क्लोरपायरिफॉसास तीस. येथें नमूद करण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या कोष्टकांत कार्बोफ्युरान व इमिडाक्लोप्रिड हीं नांवें घातलेलीं नव्हतीं. आमच्या उतरंडींत जीं दोन द्रव्यें शिखरावर बसलीं तींच तपासणीच्या यादींत नसावींत, हें आम्हांस चिंताजनक वाटतें. पाणी तपासावयास दिलें व ‘मानकाप्रमाणें’ असा शेरा आला, तर तपासलें काय काय हें विचारून घ्यावें.

आतां उतरंडीच्या मूळ कल्पनेविषयींच दोन शब्द. सर्व औषधें एकाखालीं एक अशा सरळ ओळींत बसवितां येतात काय? बैलबाजारांत दोन बैल समोर आहेत. एक दुसऱ्यापेक्षां ताकदवान आहे, गरीब आहे आणि वयानेंही लहान आहे, तर वाद नाहीं. परंतु एक ताकदवान पण मारका, दुसरा गरीब पण ढिला, तर कोणता श्रेष्ठ? तें घेणाऱ्याच्या कामावर आहे. गुण देऊन बेरीज केली तर उत्तर निघेल खरें, पण ताकदीस किती गुण व स्वभावास किती हें ज्यानें ठरविलें त्याच्याच मनाचें तें उत्तर असेल. हाफॉन व रेज्जानी या संशोधकांनीं १९८६ सालीं रासायनिक द्रव्यांच्या बाबतींत हीच अडचण पुढें मांडली आणि सुचविलें कीं, एक द्रव्य दुसऱ्यापेक्षां प्रत्येक बाबींत वाईट असेल तरच त्यास वरची पायरी द्यावी. नाहीं तर दोघांस अतुलनीय म्हणून शेजारीं शेजारीं ठेवावें. हास्से नांवाच्या जर्मन गणितज्ञाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आकृतींत अशीं द्रव्यें फांद्यांसारखीं मांडतात.

विषारीपणा, झिरप व टिकाऊपणा या तीन बाबी धरून पाहूं. कार्बोफ्युरान हें क्लोरपायरिफॉसपेक्षां तिन्हींत वाईट आहे, तेथें निकाल स्वच्छ लागतो. ॲट्राझिन आणि क्लोरपायरिफॉस यांचा निकाल लागत नाहीं, कारण एक पोटास वाईट व दुसरें विहिरीस. कार्बोफ्युरान आणि इमिडाक्लोप्रिड यांचाही लागत नाहीं, कारण पहिलें अधिक विषारी व अधिक झिरपणारें, तर दुसरें तिप्पट टिकाऊ. ग्लायफोसेट आणि क्लोरपायरिफॉस यांच्यांतही पहिलें दोन बाबींत सौम्य असून टिकण्यांत पुढें आहे. आणि डी. डी. टी. पाहा. झिरपण्याच्या यादींत तें तळाशीं, जणूं अगदीं निरुपद्रवी! परंतु तें चरबींत सांठतें, गवतांतून गुरांत, गुरांतून दुधांत चढत जातें. म्हणूनच शेतींत त्याचा वापर १९८९ सालीं या देशांत बंद झाला. केवळ एका अंकाच्या जोरावर कोणी विक्रेता ‘हें औषध पर्यावरणास सुरक्षित’ असें सांगूं लागला तर त्यास हें उदाहरण द्यावें.

मोनोक्रोटोफॉसास २०२३ सालीं आणि एंडोसल्फानास २०११ सालीं मनाई झाली, त्यांचीं कारणें या झिरपण्याच्या अंकांत शोधून सांपडणार नाहींत. तीं माणसांच्या जिवाशीं व एंडोसल्फानच्या बाबतींत त्याच्या टिकाऊपणाशींही निगडित होतीं.

एवढें सर्व लिहून आम्हांस एक कबूल केलें पाहिजे कीं, चिकटणुकीच्या कसोटीवर खानदेशांत सर्वांत वरची पायरी कोणत्याही औषधाची नाहीं. ती आपल्या नेहमींच्या युरियाची आहे. युरिया जमिनींत पडला कीं त्याचा अमोनियम होतो. त्याचा भार धन व मातीच्या कणांचा ऋण, म्हणून माती त्यास धरते. पण जंतु थोड्याच दिवसांत त्याचें नायट्रेट करतात, त्याचा भार ऋण, आणि ऋणास ऋण दूर लोटतें. नायट्रेट चिकटतच नाहीं, पाणी जेथें जाईल तेथें तें जातें. केळीस झाडागणिक दोनशें ग्रॅम नत्र धरलें तर हेक्टरी जवळजवळ नऊ क्विंटल होतें. औषध आपण किलोनें टाकतों, हें क्विंटलानें. मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि केंद्रीय भूजल मंडळानें ज्या जिल्ह्यांच्या कांहीं ठिकाणीं ती ओलांडलेली आढळली असें नोंदविलें त्यांत जळगांव व धुळें हे दोन्ही आहेत. तान्ह्या मुलांस याचा विशेष अपाय होतो, त्यांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते. नत्र ठिबकांतून लहान लहान हप्त्यांनीं दिल्यास मुळें तें वेळेवर घेतात व खालीं जाण्यास कमी उरतें. यांत पैसाही वांचतो, म्हणून हा उपाय लोकांस लवकर पटतो असें दिसतें.

औषधांच्या बाबतींत करण्यासारख्या गोष्टी कोणत्याही नव्या यंत्राच्या नाहींत. झिरपणाऱ्या वर्गांतील द्रव्य पातळ थराच्या जमिनींत, बझाड्याच्या पट्ट्यांत व विहिरीच्या आसपास वापरूं नये. वापरणेंच प्राप्त झालें तर मोठ्या पावसाच्या वा भरपूर पाण्याच्या तोंडीं टाकूं नये. केळींत सोंडकिडीसाठीं खोडाचे उभे चिरलेले तुकडे बागेंत ठेवून त्यांखालीं जमलेले किडे रोज वेचून मारतां येतात. कीडमुक्त ऊतिसंवर्धित रोपें, झेंडूचें आंतरपीक, निंबोळी पेंड व फेरपालट यांनीं सूत्रकृमींस बराच आळा बसतो. शेणखतानें जमिनींतील कर्ब वाढला कीं चिकटणुकीचा हिशेबही आपोआप सुधारतो. अर्ध्याचा एक टक्का झाला तर ॲट्राझिनचा २.९ हा अंक ४.७ होतो, तें स्वतः ताडून पाहावें.

आणि एक गोष्ट अशी कीं तिच्यापुढें वरील सर्व अंक व्यर्थ होतात. द्रव्य जमिनींतून झिरपेल कीं नाहीं याचा खल आपण करतों, आणि फवारणीचा पंप मात्र विहिरीच्या कठड्याशीं भरतों, तेथेंच डबा विसळतों. वीस टक्के क्लोरपायरिफॉसच्या पांच मिलिलिटरांत एक ग्रॅम मूळ द्रव्य असतें. झांकणभर सांडलें तरी तेवढें होतें, आणि विहिरींत थेट पडलेल्या औषधास चिकटावयास माती नाहीं व मोडावयास जंतूंचा थरही नाहीं. ठिबकाच्या व्हेंचुरींतून औषध वा खत सोडतांना वीज गेली तर नळींतील पाणी उलट फिरून विहिरींत वा कूपनलिकेंत उतरतें. त्यासाठीं उलट झडप, जिला दुकानदार नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात, ती बसविलेली असावी व हंगामाच्या आरंभीं ती उघडून धरते कीं नाहीं हें पाहावें. पंप भरण्याची जागा विहिरीपासून दूर, शेताच्या उताराकडील बाजूस, शक्य तर गवत वाढलेल्या जमिनीवर नेमावी. पाणी बादलीनें तेथें न्यावें, आणि विसळलेलें पाणी त्याच पिकावर फवारून संपवावें.